ओठ बरा होईपर्यंत

चामराजपेट, बेंगळूर
बुधवार, ७ फेब्रुवारी १९९६

बिंदू,

तुला मुलगी झाली, शनिवारी पहाटे, सव्वातीन किलोची, आणि ती आणि स्मिता दोघी सुखरूप आहेत, हे दामोदरने सोमवारी संध्याकाळी दारात चपला काढता काढता सांगितलं. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. तो म्हणाला, "पद्माक्का, मी स्वतः पाहिली. नाक आपल्याच घरातलं आहे, बिचारीचं." चुलतभाऊ तुझ्या कारखान्यात कामाला आणि माझ्या गल्लीत राहायला, ही आपली खासगी टपालाची सोय. चार वर्षं तिचा काही उपयोग झाला नाही, तो आता झाला. त्याने डब्याच्या पिशवीतून पाकीट काढून हातात दिलं.

पत्र तुझं असेल असं वाटलं होतं. अक्षर स्मिताचं पाहून मी ते न उघडता बराच वेळ धरून बसले. आत चारच ओळी. चौदा तारखेला बारसं, होसकोट्याला तुमच्या क्वार्टरमध्ये. 'नाव आत्यानेच सांगायचं असतं. तुम्ही नक्की या.' सोबत वेगळ्या चिठ्ठीवर नाव, चिठ्ठीला चार घड्या, आणि वर लिहिलंय, 'कुणाला दाखवू नये.'

मी कुणालाही दाखवलेलं नाही. खालच्या मजल्यावरची गंगव्वा तुला आठवत असेल, तुझ्या दहावीच्या वर्षी तुला रोज पहाटे हाका मारून उठवायची ती. ती काल दिवसभर माझ्या मागे होती.

"पहिलं अक्षर तरी सांगा, पद्मक्का."

"नाही."

"स्वल्प सांगा. माझं वय काय, मी कुणाला जाऊन सांगणार?"

तिने सगळ्या गल्लीला सांगितलं असतं. मी चिठ्ठी तांदळाच्या डब्यात ठेवली आहे.

ऑफिसात काल मी कामाची नव्हते. फोनच्या चौकशीवर एका गृहस्थाने दातांच्या डॉक्टरचा नंबर मागितला आणि मी त्यांना म्हटलं, "मला भाची झाली." ते म्हणाले, "छान झालं बाई, आता नंबर सांगा." दिवसभर सगळ्या शहराला नंबर सांगते आणि भावाच्या घरी फोन नाही, म्हणून हे लिहिणं.

मी येते आहे. मंगळवारी अर्धा दिवस आणि बुधवारी पूर्ण अशी रजा टाकली. झबलं शिवायला घेतलंय, पिवळं. ओठाच्या कडेला कालपासून चुरचुरतंय, एक दोन फोड आलेत. नेहमी येतात आणि जातात, पण बारशाला तोंड नीट दिसलं पाहिजे, म्हणून उद्या ऑफिसला जाता जाता डॉक्टरला दाखवते.

जुनं काही इथे काढत नाही. भेटल्यावर बोलू. स्मिताला नको असेल तर न बोलता भेटू.

तुझी अक्का


चामराजपेट
शनिवार, १० फेब्रुवारी

बिंदू,

मला चौदा तारखेला येता येणार नाही. नागीण झाली आहे. परवा डॉक्टर धनलक्ष्मींना दाखवलं. पाठीवर आहे, डाव्या बाजूला.

तसं काळजीचं काही नाही. ऑफिसला जाते आहे. पण नागीण झालेल्या माणसाने तान्ह्या बाळाजवळ जाऊ नये म्हणतात, आणि बाळ आपलं आहे तेव्हा म्हणतात ते ऐकलेलं बरं.

गंगव्वा मात्र खूष आहे. तिला बऱ्याच दिवसांनी काम मिळालं. कानडीत याला सर्पसुत्तु म्हणतात ते तुला ठाऊक आहे. सापाने वेढा घातला की त्याचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळता कामा नये, म्हणून ती रोज सकाळी दोरा घेऊन मोजायला येते. काल तिने कुठून तरी तांबडी माती आणून उगाळली. आज पहाटेच मला चौकातल्या पिंपळाच्या कट्ट्यावर नेऊन नागाच्या दगडांना दूध घालायला लावलं. तिथे गल्लीतल्या आणखी तिघी होत्या. त्यांनी माझ्याकडे फार आदराने पाहिलं. एक जण म्हणाली, "सगळ्यांना नाही होत अक्का, ज्यांच्यावर नजर असते त्यांनाच होते." इतका मान मला टेलिफोन खात्यात सव्वीस वर्षांत मिळाला नाही.

तेव्हा नाव सांगायला दुसरं कुणी बघा. चिठ्ठी दामोदरबरोबर परत पाठवू का? झबलं मात्र पाठवते, फक्त गुंड्या लावायच्या राहिल्यात.

स्मिताला सांग, अक्काच्या मनात राग नाही. तिने बोलावलं आणि मी आले नाही असं तिला वाटायला नको. हे नीट सांग, बिंदू. तुला नीट सांगता येत नाही, म्हणून दोनदा लिहिते. राग नाही.

अक्का


चामराजपेट
रविवार, ११ फेब्रुवारी, सकाळी आठ

बिंदू,

हे पत्र हातात पडल्याबरोबर वाच आणि वाचून होईपर्यंत बाळाला घेऊ नकोस.

मला नागीण झालेली नाही. गुरुवारी डॉक्टर धनलक्ष्मींनी सांगितलं तो हर्पिस आहे. पाठीवर नाही, ओठावर आहे. मी तुला खोटं लिहिलं.

तुझी चिठ्ठी दामोदरने काल संध्याकाळी आणून दिली. नागीण आहे तर बरी होऊ दे, स्मिताच्या आईंनी शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईंना नाव सांगायला विचारलंय, तू वाईट वाटून घेऊ नकोस, असं सगळं वाचून मी निश्चिंत झाले होते. माझं खोटं छान पचलं होतं. त्याखाली तू लिहिलंयस, 'तुझ्या वाटच्या पाप्याही मीच घेतो, सकाळपासून दहा झाल्या. जागरणाने डोकं उठलंय आणि ओठ चुरचुरतोय. जर उठणार बहुतेक, परीक्षेत उठायचा तसा.'

ते वाक्य मी रात्री झोपताना पुन्हा वाचलं, आणि मग तुझी दहावी आठवली. गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी तुझा वरचा ओठ सुजला होता आणि मी त्यावर साय लावून दिली होती. बारावीलाही तेच. नोकरीच्या मुलाखतीलाही. आपल्या घरात ओठावरच्या या फोडांना जर उठणं म्हणत आले, तापाने येतात म्हणून. बिंदू, तो ताप नाही आणि जागरणही नाही. मला जे आहे तेच तुला आहे.

आता डॉक्टर काय म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते.

त्यांनी ओठ पाहिला, भिंगसुद्धा घेतलं नाही. "हर्पिस," म्हणाल्या आणि मलमाचं नाव लिहायला लागल्या. मी विचारलं, "म्हणजे नागीण का?"

"नागीण वेगळी. दोघींचं घराणं एक."

"कशाने होतो?"

"स्पर्शाने. पापीने, उष्ट्याने."

"मी एकटी राहते, डॉक्टर. माझी पापी घ्यायला कोण येतंय?"

त्या हसल्या. "आत्ताचा नाही हा. लहानपणापासून अंगात असेल. तुम्ही थकलात की तो डोकं वर काढतो. अर्ध्या बेंगळूरला आहे, जा, मलम लावा."

मी उठले. दाराशी गेल्यावर सहज म्हटलं, "बुधवारी भाचीचं बारसं आहे. आत्या म्हणून कानात नाव मला सांगायचंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "भाची किती दिवसांची?"

"पाच."

"मग परत या आणि बसा."

मोठ्या माणसाला याचं काही नाही. पण पहिल्या सहा आठवड्यांतलं बाळ फार कोवळं असतं. ओठावर फोड असताना कुणी पापी घेतली, किंवा फोडाला लागलेला हात त्याच्या डोळ्याला तोंडाला लागला, तर ते आत जाऊन मेंदूपर्यंत जाऊ शकतं. जिवावर बेततं. असं क्वचित होतं, पण झालं तर अगदी थोडा वेळ हातात असतो. त्या म्हणाल्या, "कानात नाव म्हणजे तोंड कुठे येतं सांगा." मी दाखवलं. त्या म्हणाल्या, "हेच नको."

तेव्हा आता हे कर. पापी नाही, एकही नाही. ओठाला हात लावू नकोस, लागला तर साबणाने धू. बाळाजवळ जाताना तोंडावर स्वच्छ रुमाल बांध. तुझा पेला, टॉवेल वेगळा ठेव. आजच, रविवार असला तरी, बाळाच्या डॉक्टरला गाठ आणि त्यांना हर्पिस हा शब्द सांग, जर म्हणू नकोस. बाळाला ताप आला, अंगावर पाण्याचा फोड दिसला, दूध ओढेना झाली किंवा फार झोपाळली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात न्या.

हे लिहून झालं, आता खोटं का बोलले ते.

डॉक्टरकडून निघून मी ऑफिसच्या वाचनालयात गेले आणि वैद्यकाच्या जाड पुस्तकात हर्पिस काढला. त्याच पानावर गुप्तरोग. या रोगाची एक जात खालची असते, आणि पुस्तकवाल्याने तिचंच वर्णन मन लावून केलंय. माझ्या खांद्यावरून टायपिस्ट पोरगी डोकावली. मी पुस्तक मिटून म्हटलं, "मधुमेह बघत होते." सेहेचाळीस वर्षांची मी, लग्न केलं नाही, कुणाबरोबर कॉफी प्यायला गेले तरी गंगव्वा वेळ विचारते, आणि या वयात माझं नाव असल्या पानावर. घरी आले तर तीच दारात. डॉक्टर काय म्हणाले? मी म्हटलं, हर्पिस. तिला कमी ऐकू येतं. "सर्पीस? सर्पसुत्तु?" मी "सरी" म्हटलं, म्हणजे बरं, तसंच. त्या एका सरीने सगळं निभावलं. माती तिने माझ्या ओठाला फासली होती, आणि मी तशीच पिंपळाच्या कट्ट्यापर्यंत गेले होते, सर्कशीतल्यासारखी.

पण हे कारण निम्मं. उरलेलं निम्मं स्मिता आहे.

चार वर्षांपूर्वी तुमचं पहिलं राहिलं नाही, तेव्हा दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये मी तुला म्हटलं होतं, "तिसऱ्या महिन्यात स्कूटरवरून हिंडायची हौस, मग दुसरं काय होणार." डॉक्टरांनी तुला पाच मिनिटं आधी सांगितलं होतं की स्कूटरचा काही संबंध नाही. ते मीही ऐकलं होतं. तरी बोलले. दार उघडं होतं आणि ती आत जागी होती. मूल हिच्यामुळे गेलं असं मी म्हटलं, ते तिने ऐकलं. आता तिच्या बाळाला माझ्यापासून धोका आहे हे तिला कोणत्या तोंडाने सांगू, असं वाटलं. नागीण बरी. तिच्यात कुणाचा दोष नसतो.

दामोदर खाली स्कूटर पुसतोय. त्याला सगळं सांगितलंय. तो म्हणाला, "अक्का, मलाही उठतो की." म्हणजे चुलतघरातही आहे. त्यालाही बाळाला घेऊ देऊ नका.

हे पत्र स्मिताला दे. तू सांगू नकोस, पत्रच दे. शेवटचं सुद्धा.

अक्का


चामराजपेट
गुरुवार, १५ फेब्रुवारी

स्मिता,

काल तुझ्या मुलीचं बारसं झालं नाही, आणि ते तूच होऊ दिलं नाहीस, हे मला आधी बिंदूने सांगितलं, मग दामोदरने सांगितलं, आणि शेवटी तुझ्या चिठ्ठीत वाचलं तेव्हा खरं वाटलं. शेजारच्या बाईंना तू नको म्हणून कळवलंस. आईंना म्हणालीस, "नाव आत्या सांगेल. बाळाला कुठे ऑफिसला जायचंय, नावाशिवाय अडतंय?" दामोदर म्हणाला, यावर तुझ्या आई दोन तास गप्प होत्या आणि पुण्याच्या माणसासाठी हे पुष्कळ झालं. हे वाक्य त्याचं आहे, माझं नाही.

रविवारी बाळाच्या डॉक्टरांनी, भीमाचार्यांनी, तिला नखशिखांत तपासून काहीही नाही म्हटलं, हे बिंदूने मला दारातूनच ओरडून सांगितलं. तीन आठवडे लक्ष ठेवायला सांगितलंय तेही सांगितलं. तू वहीत दर दोन तासांनी ताप आणि दूध लिहितेस म्हणे. लिही. पण मधेच थोडी झोपही घे, तीही वहीत लिहायला हरकत नाही.

सोमवारची गंमत तुला बिंदूने अर्धीच सांगितली असणार. तो चार वर्षांनी माझ्या घरी आला तो तोंडाला चौकडीचा रुमाल बांधून. गंगव्वाने दार उघडलं आणि तिला वाटलं दरोडा. तिने हातातली केरसुणी उगारली. तो रुमालाच्या आतून "गंगव्वा, मी बिंदू" म्हणत होता आणि तिला काही ऐकू येत नव्हतं. मी जिन्यावरून पाहिलं तेव्हा केरसुणीचा एक फटका बसून गेला होता. पहिलं बोलणं काय करावं याची मी रात्रभर तयारी केली होती. त्याची गरज पडली नाही, हसण्यातच सगळं झालं.

मग आम्ही डॉक्टर धनलक्ष्मींकडे गेलो. बाकावर शेजारी शेजारी, दोघांच्या ओठाला एकाच जागी फोड. त्यांनी दोघांना पाहिलं आणि विचारलं, "लहानपणी तुमच्या घरात फार पाप्या कोण घ्यायचं?"

आम्ही दोघे एकदम म्हणालो, "चंपूआत्या."

आमची आत्या बेळगावात होती. तिच्या ओठावर प्रत्येक लग्नात जर उठलेला असायचा आणि ती प्रत्येक लग्नात प्रत्येक पोराची पापी घ्यायची, स्वतःच्या ताटातला लाडू अर्धा खाऊन उरलेला तोंडात कोंबायची. माझ्या कानात नाव तिनेच सांगितलं, बिंदूच्याही. डॉक्टर म्हणाल्या, तिनेच दिला असं ठरवता येत नाही. मी म्हटलं, ठरवायचंय कुणाला. तिच्याइतकं आमच्यावर कुणी जीव टाकून प्रेम केलं नाही. पुस्तकातल्या त्या पानापेक्षा चंपूआत्या बरी.

तू विचारलेलं मी त्यांना विचारलं. तुलाही लग्नानंतर दोनदा ओठावर असं आलं होतं, तर तुझ्याकडून बाळाला होईल का. त्या म्हणाल्या, तुला बाळंतपणाच्या आधीपासून असेल तर तुझ्या रक्तातून बाळाला थोडं संरक्षणही गेलेलं असतं, हा भाग चांगला. पण भरवसा ठेवून पापी घ्यायची नाही. दूध पाजायला मुळीच हरकत नाही, छातीवर काही फोड आला तर मात्र लगेच दाखवायचं. हात धुवायचे. हात धुण्याबद्दल त्या चार वेळा बोलल्या.

आता तुझ्या चिठ्ठीतली शेवटची ओळ. 'कॉरिडॉरचं मला माहीत होतं. तुम्हाला ते आठवतं की नाही हे माहीत नव्हतं.'

मला आठवतं. रोज नाही, पण पुष्कळ वेळा. मी बोलले ते खोटं होतं आणि बोलताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं. तेव्हा कुणावर तरी रागवायचं होतं आणि तू पडलेली होतीस. यात समजून घेण्यासारखं काही नाही, तेव्हा ते करू नकोस. माझं चुकलं. इतकंच मला चार वर्षं लिहायचं होतं आणि त्यासाठी ओठ सुजावा लागला.

गंगव्वाला खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे नागीणच, पण इंग्लिश." पिंपळाच्या कट्ट्यावर माझा मान कायम आहे.

माझ्या ओठावर खपली धरली. बिंदूची बघ आणि कळव. त्याला स्वतःला आरशात नीट दिसत नाही.

अक्का


चामराजपेट
शनिवार, १६ मार्च

स्मिता,

ती हसली, आणि ते पोटातल्या वाऱ्याने नव्हे तर माणसाकडे बघून, हे तुझ्या आईंनी मान्य केलं म्हणे. आई सहसा काही मान्य करत नाहीत, तेव्हा ही बातमी पक्की समजून मी ऑफिसात सगळ्यांना सांगितली. आज तिला सहा आठवडे पूर्ण झाले. भीमाचार्यांनी काल पुन्हा तपासून वजन सव्वाचार किलो आणि प्रकृती उत्तम म्हटलं, तेही दामोदरकडून पोचलं.

तीन तारखेला मी आले तेव्हा दारातच उभी राहून बघणार होते. ठरवलंच होतं. रुमाल बांधून, हात मागे धरून, पाहुण्यासारखं. तू काही न विचारता तिला माझ्या मांडीवर ठेवलंस आणि आत चहा टाकायला गेलीस. परत यायला तुला वीस मिनिटं लागली. दोन कप चहाला वीस मिनिटं लागत नाहीत हे मला कळतं. त्या वेळात मी काय केलं ते सांगते. काही नाही केलं. ती झोपली होती. मी रुमालाच्या आत तोंड दाबून बसले होते आणि तिने माझं बोट धरलं होतं. बाळाचा श्वास इतका भरभर चालतो हे मी विसरले होते. बिंदूला वाढवलं तेव्हा मी दहा वर्षांची होते, तेव्हा मोजायची बुद्धी नव्हती.

बिंदू तिच्या तळपायाचीसुद्धा पापी घेत नाही हे पाहून मला वाईटही वाटलं आणि बरंही. नाकाने तिच्या पोटाला ढुशी देतो ते चालतं, मी डॉक्टरांना विचारलं. ओठाला काही नसेल तर नाक चालतं. तो हल्ली रोज सकाळी ओठ तुला दाखवतो आणि मग कामावर जातो, हे दामोदरने कारखान्यात सांगून टाकलंय. आता कॅन्टीनमध्ये त्याला विचारतात, "काय बिंदुमाधव, आज पास का नापास?"

आता बुधवारचं, वीस तारखेचं. पाडव्याला सगळ्यांना सुट्टी, दिवसही चांगला, हे आईंना पटलं हे उत्तम झालं. मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता डॉक्टर धनलक्ष्मी माझा ओठ बघणार आहेत. आज तो साफ आहे, मी तीनदा आरसा पाहिला, गंगव्वाने दोरा न घेता पाहिला. त्या हो म्हणाल्या की बुधवारी सकाळी सातच्या बसने मी आणि गंगव्वा निघू. तिला येऊ दे. नाव तिला अजून माहीत नाही आणि ते तिच्या तब्येतीला मानवत नाहीये.

डॉक्टरांनी नाव कसं सांगायचं तेही ठरवून दिलंय. हात धुऊन, तोंडावर धुतलेला रुमाल, ओठ कानाला टेकवायचे नाहीत, एक वीत अंतर. मी विचारलं, इतक्या लांबून तिला ऐकू जाईल का. त्या म्हणाल्या, "तुम्ही चौकशीवर काम करता ना? स्पष्ट बोला." तेव्हा मी रोज संध्याकाळी उशीला नाव सांगून सराव करते आहे, दार लावून, कारण खाली कान टवकारलेले असतात.

आणि मंगळवारी त्या नाही म्हणाल्या, तर मी दामोदरला पाठवून कळवीन आणि येणार नाही. पुढचा दिवस तुम्ही काढा. या वेळी कारण खरं असेल.

तू दामोदरकडून पाठवलेला निरोप पोचला. नाव सांगून झालं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात ते बाकीच्या बायकांनी, बाळाच्या आईचं ते काम नाही, असं आईंनी तुला सांगितलं. त्यावर तू म्हणालीस, "धपाटे मी घालणार, आणि अक्कांना सांगा, चार वर्षांचे आहेत."

सरी. बुधवारी मी पाळण्यावर वाकले की पाठ तुझ्याकडे असेल. जाड लुगडं नेसणार नाही.

अक्का